किती वाजता टोचलं?

हाताला सुई टोचलेल्या बाईला मी सही आणायला लातूरहून नांदेडला पाठवलं. एसटीनं. वर "जपून जा" असंही म्हणालो.

हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता माणूस आपल्या मूर्खपणाला हळूहळू इस्त्री करायला लागतो. मी लातुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात प्रशासन विभागात आहे. म्हणजे कारकून. दारावर 'सहायक प्रशासकीय अधिकारी' अशी पाटी आहे, ती मीच रंगवून घेतलेली. माझं गाव लोहा, आडनाव मुळे. माझ्या चुका तशा पुष्कळ आहेत, घरी त्यांचा हिशोब बायकोकडं असतो. पण या एका चुकीमुळं माझी महानंदा सिस्टरांशी ओळख झाली. त्याआधी अकरा वर्षं आम्ही एकाच इमारतीत होतो. मला त्या रजेच्या अर्जावरच्या सहीपुरत्याच माहीत असत्या, पण त्या रजाच घेत नसत.

सिस्टर उदगीरकडच्या. गणवेशाच्या आत गळ्यात चांदीची लिंगाची डबी. विचार करायचा झाला की हात आपसूक त्या डबीवर जायचा. घड्याळ पुरुषी, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. चेहऱ्यावर मात्र काही उमटत नसे. आनंद, राग, पाहुणे, ताप, सगळ्याला एकच चेहरा. राग आला की एवढंच व्हायचं, 'तुमी'चं 'तू' व्हायचं. दवाखान्यात कुणाला सुई टोचली, ब्लेड लागलं, डोळ्यात रक्त उडालं तर ते निस्तरायचं काम त्यांच्याकडं होतं. असा माणूस समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"किती वाजता टोचलं?"

नाव नंतर, वॉर्ड नंतर, कुणाची चूक हे तर कधीच नाही. सुईवर कुणाचं रक्त आहे ते ठाऊक नसतं. त्यात एचआयव्ही असू शकतो, कावीळ असू शकते. त्यावरची गोळी दोन तासांत पोटात गेली तर उत्तम, तीन दिवस उलटले तर तिचा उपयोग नाही. हे मला आज पाठ आहे. तेव्हा नव्हतं.

हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला होता की तो सगळीकडंच निघायचा. कुणाला मुलगी झाली, "किती वाजता?" कुणाचं लग्न मोडलं, "किती वाजता?" माझे वडील गेले आणि तेराव्यानंतर मी कामावर आलो, तेव्हा सगळे येऊन म्हणाले की वाईट झालं, देवाची मर्जी, सावरा. सिस्टर टेबलाशी उभ्या राहिल्या आणि विचारलं, "किती वाजता गेले?" मी म्हणालो, "पावणेपाचला, पहाटे." त्यांनी मान हलवली आणि गेल्या. त्या आठवड्यात मला उत्तर देता आलेला तो एकच प्रश्न होता.

जिन्याखालच्या कोनाड्याला त्या 'माझं आफिस' म्हणायच्या. तिथं एक स्टीलचा डबा असे, त्यांच्या लग्नात आहेर आलेला. झाकणावर 'चि. सौ. कां. महानंदा हिच्या विवाहाप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम' असं टिंबाटिंबांनी कोरलेलं. त्यात सुई टोचलेल्यासाठी गोळ्यांचा पहिला डोस ठेवलेला असायचा. औषधांचं कपाट असताना डबा कशाला, असं एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "कपाटाला कुलूप हाय. चावीवाला जेवाय जातो. मामाच्या डब्याला कुलूप न्हाई."

आमच्या दवाखान्यात जितकी माणसं पगारपत्रकावर आहेत, जवळजवळ तितकीच नाहीत. ठेक्यावरच्या सफाईच्या बायका, धुलाईवाले, नर्सिंग कॉलेजातून शिकायला आलेल्या मुली, ऑपरेशनच्या आधी पेशंटची हजामत करायला येणारा किशन न्हावी. मी त्यांना 'बाहेरची माणसं' म्हणत असे. माझ्या कागदांत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. सिस्टर म्हणायच्या, "सुईला काय मस्टर वाचता येतंय?" मला ते बोलणं अडाणी वाटायचं. मी मनातल्या मनात सुधारूनही घेतलं होतं.

किशनचं एकदा वस्तऱ्यानं बोट कापलं. पेशंटची मांडी करता करता पेशंटलाही लागलं आणि ह्यालाही. यानं बोटाला तुरटी चोळली आणि उरलेली मांडी पुरी केली. सिस्टरांना चौथ्या दिवशी कळलं. त्यांनी त्याला कोनाड्यात बसवला, रक्त काढायला हात पुढं करायला सांगितलं, तर हा पठ्ठ्या उठून दाराकडं.

"सुई नगं, अक्का. सुईनं मला चक्कर येती."

"येप्पा! दिसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवितोस की रे."

"ते दुसऱ्याचा गळा असतंय."

सिस्टरांनी त्याचा वस्तऱ्याचा पेटारा उचलून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला आणि त्यावर पाय ठेवून भाकरी खायला बसल्या. दीड तासानं किशननं हात पुढं केला. काविळीच्या लसीचे तीनही डोस त्यांनी त्याला असेच दिले, पेटारा जप्त करून. तिसऱ्या वेळी तो येताना पेटारा स्वतःच त्यांच्या खुर्चीखाली सरकवून बसला.

आणि धर्माबादची एक पोरगी होती, शिकाऊ. मराठीत मधूनच तेलुगू शब्द यायचा आणि लाजून गप्प व्हायची. तिला सुई टोचलेली तिनं लपवली, कारण कॉलेजात सांगितलं होतं की सुई टोचली म्हणजे तुम्हाला सुई धरता येत नाही, मार्क कापू. सिस्टरांनी ओळखलं कसं, तर जेवताना. मुलगी डाव्या हातानं भाकरी मोडत होती. सिस्टर तिच्या शेजारी जाऊन बसल्या. शेंगाची चटणी वाढली आणि हळूच विचारलं, किती वाजता. मुलगी घास तोंडात ठेवूनच रडली. कॉलेजला काय सांगितलं मला माहीत नाही, पण तिचे मार्क कापले गेले नाहीत.

आता सुमन.

सुमन मुरुडची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची. ठेक्यावर होती, वॉर्डातल्या चादरी गोळा करायची. आमच्याकडं गावाला अंथरूण झटकल्याशिवाय कुणी घडी घालत नाही. विंचू असतो, इंगळी असते. ती सवय हाताची, डोक्याची नव्हे. त्या दिवशी सकाळी साडेनऊला तिनं पेशंटची चादर उचलली आणि घरच्यासारखी झटकली. चादरीत कुणीतरी विसरलेली सुई होती, ती तिच्या बोटात गेली. मग तिनं विंचू चावल्यावर करतात तेच केलं. चादरीचा दोरा काढून बोटाच्या बुडाशी करकचून बांधला आणि वर चुना लावला.

सिस्टर त्या दिवशी सरकारी दवाखान्यात मीटिंगला होत्या. अपघात विभागातल्या डॉक्टरनं सुमनला सांगितलं, ऑफिसची चिठ्ठी आण. ऑफिस म्हणजे मी.

"साहेब, सुई टोचली."

"नाव?"

"सुमन."

"कर्मचारी क्रमांक?"

"ते काय असतंय?"

माझ्या संगणकात त्या रकान्यात आकडा भरल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नसे. ती योजना माझीच. तिच्याबद्दल मला सव्वीस जानेवारीला शाल मिळाली होती.

"ठेकेदाराचं पत्र लागेल. तुम्ही त्यांच्याकडं कामाला आहात असं. सही-शिक्क्यासह."

"मुकादम आज आला न्हाई."

"मग ऑफिसातून आणा."

"आफिस नांदेडला हाय."

"मग नांदेडहून आणा."

तिनं भांडायला पाहिजे होतं. मी सांगितलं आणि ती निघाली, एवढंच झालं. ती दारात असताना मला तिचं बोट दिसलं आणि मी म्हणालो, "तो दोरा सोडा. बोट काळं पडेल." त्या सकाळी मी दिलेला तो एकच शहाणा सल्ला. मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

साडेबाराला सिस्टर परतल्या. वॉर्डातून ऐकून थेट माझ्याकडं.

"सुमन कुटं हाय?"

"नांदेडला गेली."

"कामून?"

"सहीसाठी."

त्यांचा हात डबीवर गेला. मग त्यांनी घड्याळात बघितलं.

"कोणत्या गाडीनं?"

"पावणेअकराची असेल."

"तिचा फोन?"

मी ठेकेदारानं दिलेली नावांची यादी काढली. सुमनच्या नावापुढं ठेकेदाराचाच नंबर होता. तिच्या घरात एकच फोन, तो नवऱ्याकडं. सिस्टरांनी बोटांवर मोजलं. "चाकूर गेलं. अहमदपूर गेलं असंल. लोह्याला धरावं लागंल." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू आता कशालाच हात लावू नको."

मराठवाड्यात असा तालुका नाही जिथं सिस्टरांची ट्रेनिंगची मैत्रीण नाही. लोह्याच्या सरकारी दवाखान्यात कुसुम सिस्टर होत्या.

"कुसुम, लातूर-नांदेड गाडी यील आत्ता. सुमन नावाची पोरगी हाय, बोटाला चुना. उतरव तिला. साडेनवाला टोचलंय."

पुढचं कुसुम सिस्टरांनी मला नंतर सांगितलं. त्या स्टँडवर जाऊन गाडीत चढल्या आणि ओरडल्या, "सुमन कोण हाय?" कुणी बोलेना. कंडक्टर म्हणाला, बाई, टाईम होऊन राहिला, खाली उतरा. कुसुम सिस्टर म्हणाल्या, गाडी हलली तर मी पुढच्या चाकाखाली झोपते. मग त्या एकेका सीटपाशी जाऊन बायकांचे हात बघायला लागल्या. शेवटून तिसऱ्या सीटवर एक बाई पदरात हात लपवून बसली होती. म्हणाली, "म्या काय केलं न्हाई, बाई. सायबानंच पाठिवलंय."

एक वाजून पंचावन्न मिनिटांनी तिच्या पोटात गोळी गेली.

तिला आणायला माझी गाडी घेऊन सिस्टर आणि मी गेलो. माझ्या स्वतःच्या गावी मी असा कधी गेलो नव्हतो. वाटेत रसवंतीवर माझा मावसभाऊ दिसला. त्यानं हात केला, मी केला नाही. सिस्टर चाकूरपाशी म्हणाल्या, "चार तास पंचवीस मिनिटं." अहमदपूरपाशी पुन्हा म्हणाल्या. मग नाही.

परतताना सुमन मागं सिस्टरांशेजारी बसली. चाकूर मागं पडल्यावर ती मागून म्हणाली,

"साहेब, सही न्हाई झाली. चालंल का?"

इथं मला गलबलून आलं असं लिहायला हवं. मला काही वाटलं नाही. रस्त्यात खड्डा होता, तो मी चुकवला. तेवढं आठवतं.

गोळ्या अठ्ठावीस दिवस घ्यायच्या असतात. एकही चुकवायची नाही. मळमळतं, डोकं गरगरतं. त्यानंतर दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. तोवर काही सांगता येत नाही. आणि सुमनच्या घरी कळता कामा नये. ती सिस्टरांना म्हणाली होती, त्या रोगाचं नाव जरी काढलं तरी घरचे इचारणार न्हाईत की सुई कुटली, इचारतील माणूस कोणता.

म्हणून गोळ्या सिस्टरांकडं राहिल्या, मामाच्या डब्यात. रोज सकाळी सुमन कोनाड्यात यायची. अर्धी भाकरी, मग गोळी, मग अर्धा तास बसून राहायचं. उलटून पडू नये म्हणून सिस्टर तिला बोलण्यात गुंतवायच्या. पण सिस्टरांना गप्पा मारता येत नसत. त्या तिला फक्त भाज्यांचे भाव विचारायच्या. रोज. मेथी कशी, वांगी कशी. सुमन सांगायची.

नवव्या दिवशी ती आली नाही.

दुपारी सिस्टर एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. ठेकेदाराकडून आलेली बदललेल्या कामगारांची यादी. काही नावांवर काट. गेटवर पहारेकऱ्याकडं तीच यादी गेली होती.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"शिक्का?"

"माझाच."

"वाचलं व्हतं?"

काट मारलेल्यात सहावं नाव सुमनचं होतं. सुई टोचलेली बाई पुढं कटकट करील म्हणून ठेकेदारानं ती काढून टाकली होती, आणि मी चहा पिता पिता तिचा गेट बंद केला होता. पहारेकऱ्यानं सकाळी तिला हाकललं, ती घरी गेली.

सिस्टर म्हणाल्या, "मुळे, तू वाचत न्हाईस आन् लिवतो लई." मग गोळी पदराच्या गाठीत बांधून चारच्या गाडीनं मुरुडला गेल्या.

नुसतं एकदा जाऊन भागणार नव्हतं, एकोणीस दिवस उरले होते. लातुरातली नर्स पुन्हा पुन्हा कशाला येते, असं सासू विचारणारच. त्यावर सिस्टरांनी काढलेला तोडगा मला रविवारी सकाळी गाडीत बसल्यावर सांगितला.

"मी भाच्यासाठी पोरगी बगून राहिले. सुमनच्या वळखीनं."

"बरं. भाचा कोण?"

त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. सुमनच्या सासूनं मला ओट्यावर बसवलं, पोहे दिले आणि बाजारात बैल बघतात तसं बघितलं. सिस्टर सुमनबरोबर आत पाणी प्यायला गेल्या. पाण्याबरोबर गोळी.

"वय किती म्हनला?"

"तेहतीस."

"डोस्क्यावरचं कुटं गेलं मंग?"

"कामाचा ताण असतो, मावशी."

"पयलं लगीन झालं व्हतं का?"

"नाही."

"मंग हाताला हे अंगठीचं वळ कशाचं?"

अंगठी खिशात टाकायची अक्कल मला होती, वळाची नव्हती. मी म्हणालो, ग्रहांची होती, काढली. म्हातारी म्हणाली, ग्रह बरोबर व्हते तुमचे, काढाय नको व्हती.

मधल्या दिवसांच्या गोळ्या सिस्टर शेंगदाण्याच्या कुटात लपवून देत. सुमनला तारखा वाचता येत नव्हत्या, म्हणून सुतळीला गाठी मारून दिल्या होत्या. एक गोळी, एक गाठ सोडायची. दर दोन-तीन दिवसांनी सिस्टर मुरुडला असत, रविवारी मीही. दोन पोरी मला दाखवण्यात आल्या. दोघींनीही नाही म्हटलं. माझ्या बायकोला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, पोरी हुशार दिसतात.

शेवटच्या रविवारी मुरुडच्या आडत बाजारावरून येताना सिस्टरांनी गाडी थांबवायला सांगितली. एक बाई ज्वारीच्या पोत्याचं तोंड दाभणानं शिवत होती. सिस्टर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमची अव्वा उदगीरला हेच करायची. दाभण हातात गेलं की मुकादम म्हणायचा, पोत्याला रगत लावू नको." आणि काच वर केली. अव्वा म्हणजे आई. मला विचारायचं सुचतं ते नेहमी दुसऱ्या दिवशी.

पहिलं रक्त बरं निघालं. दुसरंही. तिसऱ्याच्या आधी महिनाभर सिस्टर निवृत्त झाल्या. निरोप समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. मी दोन पानं लिहून नेली होती. सेवेचा नंदादीप वगैरे. पहिल्या पानाच्या मध्यावर सिस्टरांनी पहिल्या रांगेतून विचारलं, "किती वाजता संपंल?" मी दुसरं पान घडी घालून खिशात ठेवलं.

सहा महिने पुरे झाले त्या दिवशी त्या सुमनला घेऊन दवाखान्यात आल्या. पहारेकरी नवा होता. त्यानं दोघींची नावं भेटायला येणाऱ्यांच्या वहीत लिहायला लावली. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात सिस्टरांनी 'रक्ताला' असं लिहिलं होतं, मी नंतर बघितलं.

रक्त देऊन त्या दोघी माझ्या दारासमोरच्या बाकावर बसल्या. रिपोर्टला दोन तास होते. सुमनच्या पायाशी एक कापडी पिशवी होती, फुगलेली. मला वाटलं बाजार केला असेल. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काय घेतलंत?"

"दोन लुगडी हायती. आन् पोराचा फोटू."

मला कळलं नाही.

"माझ्यात निघालं तर मी घरी जाणार न्हाई," ती म्हणाली. मेथीचा भाव सांगायची त्याच आवाजात. "कुटं जायचं ते ठरविलं न्हाई अजून. पर घरी न्हाई."

सिस्टर समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. त्यांचा हात डबीवर होता आणि तो दोन तास तिथंच राहिला. मी आत जाऊन बसलो. संगणक चालू केला, बंद केला. एका अर्जावर शिक्का मारला आणि मग तो वाचला. वाचल्यावर कळलं की शिक्का उलटा बसलाय.

रिपोर्ट मीच आणला. जिना उतरता उतरता दोनदा वाचला. खाली आल्यावर थांबून तिसऱ्यांदा वाचला, कारण माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता.

"काही नाही," मी म्हणालो. "बरं आहे. संपलं."

सिस्टरांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः बघितला. नाव बघितलं, तारीख बघितली, मग मान हलवली.

सुमन रडली नाही, हसली नाही. तिनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"मंग मी जाऊ?"

"जा," सिस्टर म्हणाल्या. "पावणेदोनची मुरुड हाय."

तिनं पिशवी उचलली, सिस्टरांच्या पायाला हात लावला आणि गेली. मी खिडकीतून बघितलं. गेटबाहेर पडल्यावर ती पिशवी काखेत घेऊन पळायला लागली. गाडीला अजून पाऊण तास होता.

मला सिस्टरांना एक गोष्ट दाखवायची होती. या सहा महिन्यांत मी खरोखर एक काम केलं होतं. विश्वस्तांच्या मागं लागून नियम बदलून घेतला होता. सुई कुणालाही टोचो, आपला असो की बाहेरचा, क्रमांक नको, पत्र नको, आधी उपचार. संगणकातला तो रकाना काढून टाकला होता. ती सूचना चौकट करून व्हरांड्यात लावली होती. शब्दन् शब्द माझा. सिस्टर काहीतरी म्हणतील, निदान मान तरी हलवतील, अशी माझी अपेक्षा होती.

व्हरांड्यात त्या वेळी नव्या ठेक्याच्या बायका पाससाठी रांगेत उभ्या होत्या. पंधरा-वीस असतील. काहींच्या पायात चपलाही नव्हत्या. सिस्टर सूचनेसमोर उभ्या राहिल्या. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी रांगेतल्या पहिल्या बाईला सांगितलं, "वाच गं."

ती सातवी शिकलेली होती. एकेक शब्द जुळवत वाचायला लागली. "रक्तसंक्रमित... तीक्ष्ण उपकरणांच्या... अनवधानाने संपर्कात आलेल्या... बाह्य सेवापुरवठादार व्यक्तींनी... विनाविलंब..."

ती थांबली. मागच्या दोघी-तिघी हसायला लागल्या.

"हे कुणाला म्हणून राहिलेत, अक्का?" तिनं विचारलं. "आमाला का दुसऱ्या कुणाला?"

"तुमालाच."

"काय लिवलंय मंग?"

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा तोच. मग रांगेकडं वळून, शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"लिवलंय की हाताला सुई टोचली तर साबनानं धुवायचं आन् पळत अपघातवाल्या डाक्टरकडं जायचं. ह्या साहेबाकडं अजिबात यायचं न्हाई."